मत नव्हते, पण सही होती

९ फेब्रुवारी १८६४ चा दिवस. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. सिनेटचे, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाचे, कामकाज चालू होते. देशात यादवी युद्ध पेटून तीन वर्षे होत आली होती. अशा वेळी दोन उंच कृष्णवर्णीय गृहस्थ सभागृहात आले. दोघांजवळ कागदांचे भलेमोठे गठ्ठे होते. ते गठ्ठे त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याचे सभासद चार्ल्स समनर यांच्या मेजावर नेऊन ठेवले.

काय होते त्या गठ्ठ्यांत? सह्या. एक लाख माणसांच्या सह्या. आणि सर्वांची मागणी एकच : गुलामगिरी कायद्याने, साऱ्या देशातून, कायमची बंद करा.

आता या लाख सह्यांतली एक गोष्ट नीट पहा. समनर यांनी सभागृहाला सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांतल्या ६५ हजारांहून जास्त सह्या बायकांच्या होत्या. पुरुषांच्या होत्या ३४ हजारांच्या वर. म्हणजे दर तीन सह्यांमागे दोन सह्या अशा माणसांच्या, की ज्यांना मत देण्याचा अधिकारच नव्हता! निवडणुकीत ज्यांना कोणी विचारीत नाही, त्यांचे कागद देशाच्या सर्वोच्च सभागृहात येऊन पडले होते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत समाजसुधारणेच्या पुष्कळ चळवळी झाल्या. गुलामगिरीविरुद्ध झाली, दारूबंदीची झाली, तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळे सुधारण्याची झाली, सार्वत्रिक शिक्षणाची झाली, स्त्रियांच्या हक्कांची झाली. त्या सगळ्यांची नावे आणि साली मी इथे सांगत बसलो, तर तुम्ही कंटाळाल आणि हाती फारसे लागणारही नाही. म्हणून एकच धागा धरू या. तो धागा म्हणजे विनंतीअर्ज. ज्यांना मत नव्हते त्यांनी या साध्या कागदाचे काय केले, आणि त्या कागदाने त्यांचे काय केले, एवढेच पाहू.

सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून लिहिलेला आहे. पहिल्याच घटनादुरुस्तीत तो आहे. तिथे मतदाराचा हक्क असे म्हटलेले नाही, लोकांचा हक्क असे म्हटले आहे. ही फट लहान होती खरी. पण बाकीची सगळी दारे बंद असली, की माणूस फटीतूनच वाट काढतो. त्या काळी लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नसे. तिने मजुरी केली तर ती मजुरी नवऱ्याची. तिला करार करता येत नसे, आणि मुलांवर पहिला ताबा बापाचा. पण अर्जावर सही करू नको, असे कायद्याने तिला कोणी सांगितले नव्हते.

बायकांनी हे हत्यार देशभर प्रथम वापरले ते दुसऱ्याच एका प्रश्नावर. चेरोकी आणि इतर मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याचा घाट सरकारने घातला होता. १८२९ च्या अखेरीस कॅथरिन बीचर या शिक्षिकेने आपले नाव न घालता एक पत्रक काढले, आणि देशातल्या भगिनींना या अन्यायाविरुद्ध अर्ज पाठवण्याची विनंती केली. अर्ज गेलेही. पण १८३० साली तो कायदा मंजूर झाला. खालच्या सभागृहात बाजूने १०२ मते पडली, विरुद्ध ९७. पुढे चेरोकी लोकांनी स्वतः हजारो नावांचा अर्ज पाठवला. त्याचाही उपयोग झाला नाही. १८३८-३९ मध्ये त्यांना बंदुकीच्या धाकाने हाकलून नेले, आणि त्या वाटचालीत हजारो माणसे मेली. तेव्हा सहीत काही जादू असते, असा गैरसमज करून घेऊ नका. सही फेटाळता येते. ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवलेली बरी.

आता गुलामगिरीकडे वळू. १८३० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत सुमारे वीस लाख माणसे गुलाम होती. १ जानेवारी १८३१ रोजी बोस्टन शहरात विल्यम लॉइड गॅरिसन या तरुण मुद्रकाने ‘लिबरेटर’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. गुलामगिरी हळूहळू जाईल, थोडा धीर धरा, असे म्हणणाऱ्यांपैकी तो नव्हता. ती ताबडतोब गेली पाहिजे, असे तो सांगे. त्याच्या पत्राच्या सुरुवातीच्या वर्गणीदारांत मोठा भरणा उत्तरेकडल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय लोकांचा होता. १८३३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाला गुलामगिरीविरोधी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या गावोगावी शाखा निघाल्या. बायकांनी आपल्या वेगळ्या संस्था काढल्या. फिलाडेल्फियाच्या अशा संस्थेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र काम करीत, ही त्या काळाच्या मानाने धीटपणाचीच गोष्ट होती.

अर्जाचे काम चालत असे ते असे. संस्था अर्जाचा मजकूर छापून घेई. गावातल्या बाया तो कागद घेऊन घरोघर जात. बऱ्याच कागदांवर दोन रकाने असत : एकात मतदार पुरुषांच्या सह्या, दुसऱ्यात स्त्रियांच्या. जागा संपली की खाली दुसरा कागद डकवायचा. अशी लांबच लांब गुंडाळी तयार होई, आणि ती काँग्रेसमधल्या एखाद्या सहानुभूतीच्या सभासदाकडे धाडून देत. काँग्रेस हे तिथल्या कायदेमंडळाचे नाव. मागणी बहुधा अशी असे : राजधानीचा जिल्हा थेट काँग्रेसच्या ताब्यात आहे ना, मग निदान तिथली गुलामगिरी तरी बंद करा.

सांगायला सोपे आहे. पण तुम्ही क्षणभर त्या बाईच्या जागी उभे राहून पहा. परक्या घराचे दार ठोठवायचे. कोणी तोंडावर दार आपटणार, कोणी ‘घरी मुले सांभाळा’ म्हणणार. कोणी म्हणणार, ‘यांना विचारते, मग सही करते.’ तिथे उंबऱ्यात उभे राहून गुलामगिरी का वाईट, हे समजावून सांगायचे. हो, आणि त्यासाठी आधी ते स्वतःला नीट समजलेले हवे! जिने कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते, तिला अशा शंभर उंबऱ्यांवर बोलावे लागले. सभेत भाषण करण्याची ही शाळाच होती म्हणा. अर्जांची भाषाही बदलत गेली. सुरुवातीच्या अर्जांत फार लीनता आहे, पदर पसरून याचना केल्यासारखी. पुढच्या अर्जांत आपण या देशाच्या नागरिक आहोत, असा सूर ऐकू येतो.

दक्षिणेकडल्या सभासदांना या गुंडाळ्यांचा फार उपद्रव वाटू लागला. १८३६ च्या मे महिन्यात खालच्या सभागृहाने ठराव केला : गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज आला, तर तो न छापता, कोणत्याही समितीकडे न पाठवता, नुसता बाजूला ठेवून द्यावा. लोकांनी या ठरावाला तोंडबंदीचा नियम म्हटले.

या नियमाशी झुंजायला एक म्हातारा उभा राहिला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. १८२५ ते १८२९ या काळात तो देशाचा अध्यक्ष होता. अध्यक्षपद गेल्यावर घरी बसायचे सोडून हा गृहस्थ १८३१ पासून साधा लोकप्रतिनिधी म्हणून पुन्हा सभागृहात येऊन बसला! गॅरिसनच्या मंडळींइतका तो जहाल नव्हता. पण लोकांचा अर्ज ऐकूनच घ्यायचा नाही, हे त्याला मुळीच सहन होईना. नियमातल्या फटी शोधून तो अर्ज मांडत राही. १८३७ च्या फेब्रुवारीत त्याने अध्यक्षांना मोठ्या साळसूदपणाने विचारले, की माझ्याजवळ गुलामांच्या नावाचा एक अर्ज आहे, तो नियमात बसतो का? सभागृहात एकच गदारोळ झाला. याच्यावर ठपका ठेवा, याला हाकलून द्या, अशी ओरड झाली. सगळ्यांना पुरते ओरडू दिल्यावर त्याने सांगितले, की बाबांनो, या अर्जातली मागणी तुम्हाला वाटते त्याच्या अगदी उलट आहे! ठपक्याचा ठराव फसला. मात्र गुलामांना अर्ज करण्याचा हक्क नाही, असा ठराव सभागृहाने करून घेतला. अखेर १८४४ च्या डिसेंबरात तोंडबंदीचा नियम रद्द झाला. त्यासाठी आठ वर्षे लागली.

या आठ वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडून आली. गुलामांना अर्ज करण्याचा हक्क नाही, असे ज्यांनी म्हटले, त्यांच्यापैकी पुष्कळजण बायकांनीही या भानगडीत पडू नये असे म्हणत होते. त्यामुळे गुलामांसाठी सह्या गोळा करणाऱ्या बायकांना आपल्या स्वतःच्या पायांतली बेडी दिसू लागली.

सारा आणि अँजेलिना ग्रिमके या दोघी बहिणींचे उदाहरण घ्या. त्या दक्षिण कॅरोलायनामधल्या. बाप न्यायाधीश, घरी गुलाम. डोळ्यांनी पाहिलेले त्यांना सोसवेना, म्हणून त्या घर सोडून उत्तरेत आल्या आणि गावोगाव व्याख्याने देऊ लागल्या. १८३७ साली मॅसॅच्युसेट्सच्या धर्मगुरूंनी पत्रक काढून अशा वागण्याचा निषेध केला. त्याच वर्षी अँजेलिनाला उद्देशून एक पुस्तक निघाले, आणि काँग्रेसकडे अर्ज करणे हे स्त्रीचे कामच नव्हे, असे त्यात सांगितले होते. लेखिका कोण असेल? सात-आठ वर्षांपूर्वी स्वतः अर्जांचे पत्रक काढणारी कॅथरिन बीचर! सुधारकांची वाट अशी वळणावळणाची असते. अँजेलिना मात्र डगमगली नाही. २१ फेब्रुवारी १८३८ रोजी ती मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला उभी राहिली. तिच्या पाठीशी सुमारे वीस हजार स्त्रियांच्या सह्या होत्या. अमेरिकेतल्या कायदेमंडळापुढे बोलणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी १६ मे रोजी फिलाडेल्फियाच्या नव्या कोऱ्या सभागृहात ती बोलत असताना बाहेरून दगड येत होते. दुसऱ्या दिवशी रात्री जमावाने ती इमारत जाळून टाकली. उद्घाटन होऊन तीन दिवस झाले होते.

बायकांच्या हक्कांसाठी सह्या मिळवणे तर याहूनही अवघड होते. पोलंडमधून आलेल्या अर्नेस्टीन रोझ यांनी १८३६ साली न्यूयॉर्कमध्ये असा अर्ज फिरवला, की लग्न झालेल्या स्त्रीला तिची मालमत्ता तिच्या नावावर ठेवू द्या. पाच महिने त्या हिंडल्या. सह्या किती मिळाल्या? पाच. होय, फक्त पाच. तरी त्यांनी तो अर्ज पाठवला. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवला. इतर स्त्रिया येऊन मिळाल्या. १८४८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने तसा कायदा केला.

त्याच १८४८ सालच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या लहानशा गावी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. तिचे बीज आठ वर्षांपूर्वी लंडनला पडले होते. १८४० साली तिथे गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, आणि अमेरिकेतून मुद्दाम आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना ‘तुम्ही नुसते बसून ऐका, भाग घेऊ नका’ असे सांगण्यात आले. गुलामांच्या मुक्तीची परिषद ती, बरं का! तिथेच ल्युक्रीशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची गाठ पडली. सेनेका फॉल्सला सुमारे तीनशे माणसे जमली. जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या : ६८ स्त्रिया, ३२ पुरुष. बाकीचे ठराव एकमताने झाले. मताधिकाराचा ठराव मात्र अडला. तेव्हा गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने बोलले, आणि ठराव पार पडला. पुढे वर्तमानपत्रांनी टिंगल सुरू केल्यावर काही जणांनी आपल्या सह्या मागे घेतल्या. सहीला किंमत मोजावी लागते, ती अशी.

मग युद्ध आले. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. परंतु तो बंडखोर प्रदेशापुरताच होता. घटनेतूनच गुलामगिरी काढली पाहिजे, यासाठी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभारली. कूपर इन्स्टिट्यूटच्या इमारतीत कचेरी थाटली. सही करणाऱ्याकडून खर्चासाठी एक सेंट मागत. सुरुवातीला सांगितलेले गठ्ठे होते ते याच कामाचे. १८६४ च्या उन्हाळ्यापर्यंत सह्यांचा आकडा चार लाखांच्या आसपास गेला. ६ डिसेंबर १८६५ रोजी तेरावी घटनादुरुस्ती पक्की झाली, आणि सुमारे चाळीस लाख माणसांना जखडून ठेवणारी ती संस्था कायद्याने नष्ट झाली. हे केवळ अर्जांनी झाले, असे मी म्हणणार नाही. लाखो सैनिक मेले. गुलाम स्वतः मळे सोडून निघाले, आणि हजारोंनी सैन्यात भरती झाले. पण लोकांचे मन तयार करण्यात या गुंडाळ्यांचा वाटा मोठाच होता.

इथे गोष्ट संपली असती, तर ऐकायला गोड लागली असती. पण पुढचा भाग कडू आहे. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द घटनेत प्रथमच आला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणाने मत नाकारता येणार नाही, असे ठरवले. स्त्रीपुरुषभेदाचा उल्लेख त्यात नव्हता. सुधारक पुढारी बायकांना म्हणाले, सध्या वेळ कृष्णवर्णीयांची आहे, तुम्ही थांबा. १८६९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सभेत याच प्रश्नावर मोठी खडाजंगी झाली. डग्लस यांचे म्हणणे, की आमच्या लोकांना रस्त्यात मारतात, दिव्याच्या खांबाला लटकावतात. आम्हाला मत आजच हवे, तो जिवाचा प्रश्न आहे. स्टँटन आणि अँथनी यांना ते पटले नाही. स्टँटन यांनी तर कृष्णवर्णीय आणि परदेशांतून आलेल्या पुरुषांविषयी असे हिणकस उद्गार काढले, की ते आज वाचताना मान खाली जाते. ज्यांच्यासाठी चार लाख सह्या गोळा केल्या, त्यांच्याविषयीच हे! त्याच सभेत फ्रान्सिस हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्री होत्या. त्यांना दोन्हीकडून बोलावणे होते आणि दोन्हीकडे अपुरी जागा होती. त्यांनी डग्लस यांची बाजू घेतली. चळवळ दुभंगली. स्त्रियांच्या दोन संस्था झाल्या, आणि त्या पुन्हा एक व्हायला १८९० साल उजाडले.

आपल्या मराठी मुलखालाही या चळवळींची चाहूल लागली होती. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. आपल्याकडच्या पददलितांसाठीही असेच कोणी उठावे, ही इच्छा त्यांनी त्या अर्पणात बोलून दाखवली. पुढे १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, ते महाविद्यालयही याच सुधारकांच्या पिढीने उभे केलेले. त्या समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या, आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तिथले त्यांनी जे पाहिले, ते १८८९ साली मराठीत ग्रंथरूपाने लिहिले. त्यांच्या कामाला मदत करणारे मंडळ १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला स्थापन झाले. त्याच्या आधाराने १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. अर्ज, मंडळे, वर्गण्या, घरोघरचे काम यांवरच जगणाऱ्या चळवळीचा एक धागा असा इथवर आला.

शेवटी सेनेका फॉल्सकडे पुन्हा एकदा वळू. त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण मुलगी होती. हातमोजे शिवून ती पोट भरी. १९२० साली अमेरिकेतल्या स्त्रियांना घटनेने मताधिकार दिला, तेव्हा त्या शंभरांपैकी हयात असलेली ती एकटी होती. सहीला बहात्तर वर्षे झाली होती. वार्धक्यामुळे आणि आजारपणामुळे तिला त्या निवडणुकीला जाता आले नाही, असे सांगतात. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना, पुरुषांनाही, तो हक्क प्रत्यक्ष हातात पडायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी सह्यांचा कागद घेऊन तुमच्या दारी आले, तर सही करा किंवा करू नका. ती तुमची मर्जी. पण त्याला उंबऱ्यात उभे करून दार लोटू नका. त्याला आत बोलवा, कागद वाचा, चार प्रश्न विचारा. अर्नेस्टीन रोझ यांना पाच महिन्यांत पाचच घरे अशी भेटली होती. पण त्या पाच सह्यांवरच पुढचे सारे उभे राहिले.